ग्रँड पोर्टेजच्या छावणीत आम्ही

(गतवर्षीच्या गणेशोत्सवातील व्याख्यानसत्रात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



या सभागृहात सतरंज्या घालणे, माइक लावणे आणि आरतीला झांजा वाजवणे हीच आजवरची आमची सेवा. व्याख्याता म्हणून उभे राहण्याची ही पहिलीच वेळ. कार्यवाह म्हणाले, "अमेरिकेला जाऊन आलात, काहीतरी बोला." आता नायगारा आणि न्यूयॉर्क पाहून आलेले इथे निम्मे लोक आहेत. त्यांना तेच पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. म्हणून दोन दिवस आणि एका रात्रीची हकिगत सांगतो. आम्ही म्हणजे सौ. आणि मी. जे पाहिले, जे फजीत झालो, ते दोघांनी मिळून. तेव्हा 'आम्ही' असेच म्हणणार.

सौ.चा भाऊ मिनेसोटा राज्यात मिनिआपोलिसला असतो. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्याकडे जाण्याचा योग आला. सरकारी नोकरी, त्यातून डिप्लोमावाला उपयंत्री. व्हिसा लवकर मिळाला, रजा मात्र जाण्याच्या चार दिवस आधी मंजूर झाली. असो.

मेहुण्याच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्या गॅरेजमध्ये मोटारीऐवजी तंबूचे जाड कापड, लाकडी पेट्या आणि काळे झालेले हंडे भरलेले. चौकशी केली तर म्हणाले, "आम्ही दर उन्हाळ्यात दोनशे वर्षं मागं जातो. येता का?" आम्ही सहज हो म्हटले. पाच-साडेपाच तासांचा मोटारप्रवास करून, सुपीरियर सरोवराच्या काठाकाठाने पार कॅनडाच्या सीमेशी पोहोचलो. गावाचे नाव ग्रँड पोर्टेज.

थोडा इतिहास सांगावा लागेल. बीव्हर नावाचा एक प्राणी आहे. दातांनी झाडे पाडून ओढ्यावर बांध घालतो, म्हणजे आमच्याच खात्याचा म्हणायचा. त्याच्या आतल्या मऊ लोकरीपासून उत्तम नमदा होतो आणि त्या नमद्याच्या टोप्या युरोपात शे-दोनशे वर्षे प्रतिष्ठेच्या मानल्या जात. त्या टोप्यांसाठी उत्तर अमेरिकेच्या जंगलातून कातडी गोळा करण्याचा मोठा व्यापार उभा राहिला. हडसन बे कंपनीला इंग्लंडच्या राजाची सनद 1670 साली मिळाली. पुढे मॉन्ट्रियलच्या व्यापाऱ्यांनी नॉर्थ वेस्ट कंपनी काढली आणि तिचे उन्हाळ्यातले मुख्य ठाणे होते हे ग्रँड पोर्टेज.

मॉन्ट्रियलहून सुमारे 36 फूट लांबीच्या, बर्च झाडाच्या सालीच्या होड्या निघत. एकेका होडीत तीन-चार टन माल. सहा ते आठ आठवडे वल्ही मारून खलाशी इथे पोहोचत. दुसऱ्या बाजूने, वर्षभर उत्तरेच्या थंडीत राहिलेले लोक कातडी घेऊन येत. जुलैत दोघांची गाठ पडे. मालाची अदलाबदल, हिशेब, खाणेपिणे, नाचगाणे, आणि पुन्हा सगळे आपापल्या वाटेने. या मेळाव्याला ते 'राँदेव्हू' म्हणतात. पश्चिमेकडे रॉकी पर्वतातही शिकाऱ्यांचे असे मेळावे 1825 ते 1840 पर्यंत भरत. पुढे रेशमी टोप्यांची फॅशन आली, बीव्हरही संपत आले आणि सगळा खेळ आटोपला. आज अमेरिकेत ठिकठिकाणी हौशी लोक तशा छावण्या पुन्हा भरवतात. ग्रँड पोर्टेजची छावणी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस असते.

छावणीत राहायचे तर नियम कडक. 1800 च्या आसपास जे नव्हते ते दिसता कामा नये. आमची घड्याळे, मोबाइल, सौ.ची प्लास्टिकची पाण्याची बाटली, सगळे एका लाकडी पेटीत गेले. उसने कपडे मिळाले: ढगळ सदरा, कमरेला विणलेला रंगीत पट्टा, पायात मऊ चामड्याचे मोकॅसिन. सौ.ला लांब घागरा आणि डोक्याला बांधायला ठिपक्यांचा रुमाल. रुमालाचे नाव विचारले तर 'बंडाना'. हा शब्द आपल्या बांधणीवरूनच तिकडे गेला, आणि हिंदुस्थानातून विलायतेला गेलेले असे रुमाल त्या काळी या जंगलातल्या मालातही असत. सौ.ला एकदम माहेरचे कोणी भेटल्यासारखे झाले.

मग विस्तव. 'चकमक' हा शब्द आपण ग्वाल्हेरकर वर्तमानपत्रात वाचत मोठे झालो, पोलिसांची आणि दरोडेखोरांची. खरी चकमक आम्ही पहिल्यांदा हातात धरली. गारगोटीवर पोलादाचा तुकडा घासायचा, ठिणगी जळक्या चिंधीवर झेलायची, ती चिंधी वाळक्या गवताच्या घरट्यात ठेवून फुंकायची. शेजारचे गृहस्थ अर्ध्या मिनिटात करतात. आम्हाला पाऊण तास लागला आणि दोन बोटे सोलली. तिकाटण्याला हंडा टांगून वाटाणे शिजवले. मूळ रिवाज त्यात डुकराची चरबी घालण्याचा. आमच्या हंड्यात फक्त मीठ पडले. "चरबीशिवाय तुम्ही वल्ही मारणार कशी?" असे म्हणून सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओझ्याचा कार्यक्रम. पोर्टेज म्हणजे जिथे पाणी सोडून होडी आणि माल खांद्यावर न्यायचा ती वाट. इथली नदी धबधब्यांनी भरलेली, म्हणून साडेआठ मैल, जवळजवळ चौदा किलोमीटर, डोंगरातून चालायचे. एका गठ्ठ्याचे वजन 90 पौंड, म्हणजे 41 किलो. तो कपाळावरून गेलेल्या चामडी पट्ट्याने पाठीवर तोलायचा, आणि असे दोन एका वेळी. मॉन्ट्रियलहून आलेल्या प्रत्येकाला करारानेच आठ गठ्ठे वाहावे लागत. आम्ही मनात हिशेब मांडला: चार खेपा, भरल्या पाठीने पंचावन्न किलोमीटर, शिवाय परतीची चाल वेगळी. कंपनीचे भागीदार अलेक्झांडर मॅकेंझी यांनी 1801 च्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे की काही जण दोन गठ्ठे नेऊन, तिकडून दोन घेऊन, सहा तासांत परत येत. आम्ही एकच गठ्ठा उचलला. वीस पावलांवर मानेने नाही म्हटले. त्या कामात हर्नियाने मेलेले आणि पाण्यात बुडून मेलेले पुष्कळ, हे नंतर कळले. रंगीत पट्ट्यांच्या चित्रांत ते दिसत नाही. गठ्ठा उचलल्यावर मात्र सांगावे लागत नाही.

आता फजितीची गोष्ट.

आदल्या रात्री शेकोटीभोवती बसलो होतो. सरोवरावरचा वारा, ऑगस्ट असून घोंगडी लागत होती. शेजारच्या तंबूतल्या बाईंनी अंगावरचा पोशाख हिवाळाभर बसून हाताने शिवला होता. त्यांनी सौ.ला विचारले, "1800 साली तुमच्या गावच्या बायका काय नेसत?" सौ.ने अभिमानाने सांगितले, नऊवारी. शिवण नाही, टाच नाही, अखंड वस्त्र. बाईंना भारी नवल वाटले. त्यांनी पेटीतून लांब कापड काढून दिले. "दाखवा ना नेसून."

सौ. कापड हातात घेऊन उभी राहिली. पाडव्याच्या शोभायात्रेत आणि गौरीला सौ. नऊवारीतच असते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण ती शिंप्याने शिवून दिलेली. पायात घातली, नाडी ओढली, झाले. कासोटा कुठून काढायचा, केळं किती घ्यायचं, काही म्हणता काही येईना. शेवटी म्हणाली, "मला येत नाही."

मग पाळी आमची. आम्ही मोठ्या रुबाबात सांगितले की आमच्या शहराचे नावच लष्कर आहे, दौलतराव शिंद्यांच्या 1810 च्या सुमाराच्या छावणीवरून पडलेले. नॉर्थ वेस्ट कंपनीने 1803 मध्ये आपले ठाणे इथून उत्तरेला हलवले, त्याच साली शिंद्यांना सुर्जी-अंजनगावचा तह करावा लागला. सगळे कौतुकाने ऐकत होते. मग कोणीतरी विचारले, "त्या छावणीत चूल कशी मांडत? पाणी कोण भरत असे? पावसात पीठ कोरडं कसं ठेवत?" आम्हाला लढायांची सनावळी पाठ. यातले एकही माहीत नव्हते. घरात कधी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जवळच्या दुसऱ्या मैदानावर गेलो. ही जमीन ओजिब्वे लोकांची. ते शतकानुशतके तिथलेच. ती वाट मुळात त्यांची, सालीची होडी त्यांची, बर्फात चालायचे जोडे त्यांचे. कातडी त्यांनी आणली, ती कमावली त्यांच्या बायकांनी. त्यांच्याशिवाय हा व्यापार एक हिवाळा टिकला नसता. 1958 साली हे ठाणे राष्ट्रीय स्मारक झाले तेही त्यांनी आपल्या जमिनीचा भाग दिला म्हणून. छावणी भरते त्याच दिवसांत त्यांचा 'पाववाव' असतो. मधोमध मोठा ढोल, भोवती बसून गाणारे, आणि त्यांच्या गोल फिरत नाचणारे आजीपासून नातवापर्यंत सगळे. तिथे सुरुवातीलाच बजावतात, अंगावरच्या वस्त्रांना 'वेष' म्हणू नका. नाटकात असतो तो वेष.

तिथे एक वृद्ध बाई जंगली तांदूळ विकत होत्या. मनोमिन म्हणतात त्याला, तळ्यातल्या गवताचा काळा, लांब दाणा. आमचे उसने कपडे पाहून त्या हसल्या. आम्ही ओशाळून विचारले, "तुम्हाला हे छावणीचं कसं वाटतं?" त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. ते मेहनत घेतात. आम्हाला सोंग घ्यावं लागत नाही, पण शिकावं मात्र लागतं." मग सांगितले की त्यांच्या आईला शाळेत आपली भाषा बोलली म्हणून शिक्षा होई. आईने मुलांना ती शिकवलीच नाही. यांनी ती चाळिशी उलटल्यावर नातवंडांबरोबर बसून शिकली.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघे फारसे बोललो नाही. डोक्यात एकच होते. दोन मैदाने पाहिली. एकात परकी माणसे गेलेला काळ कष्टाने उभा करतात, दुसऱ्यात आपली माणसे चालत आलेले पुढे नेतात. आपले मंडळ कोणत्या मैदानात?

रागावू नका, आम्ही आधी स्वतःकडेच पाहिले. आमच्या घराण्याला ग्वाल्हेरात सात पिढ्या झाल्या. आम्हाला भाषा बोलू नका असे कोणीही म्हटलेले नाही, कोणी शिक्षा केलेली नाही. तरी आमची मुलगी आरती रोमन लिपीतला कागद पाहून म्हणते. फेटा आम्ही तयार, बांधलेलाच विकत आणतो. मोदक दुकानातून येतात. महाप्रसाद केटरर देतो. दहा दिवस आपण मराठी असतो, आणि अकराव्या दिवशी तो पोशाख पेटीत जातो. छावणीवाले निदान हिवाळाभर बसून शिवतात तरी.

परत आल्यावर सौ.ने पहिले काम केले ते म्हणजे आमच्या आत्याकडे जाणे. आत्या 86 वर्षांच्या. अलीकडे नावे विसरतात, आम्हालाच दादांच्या नावाने हाक मारतात. सौ.ने त्यांचेच जुने इरकली लुगडे पुढे ठेवले. आत्यांनी ते चाचपले, उठून उभ्या राहिल्या आणि सौ.ला नेसवायला लागल्या. तोंडाने एक शब्द सांगता येत नव्हता. हात मात्र कुठेही अडले नाहीत. आमची मुलगी म्हणाली, "आत्याआजी, ये पीछे का फिरसे दिखाओ ना!" आत्यांनी तिच्या हातावर चापट मारली आणि म्हणाल्या, "मराठीत विचार."

सहा वेळा जाऊन मुलगी शिकली. पहिल्यांदा जिन्यावर पाय अडकून पडलीसुद्धा. यंदा गौरीच्या दिवशी आमच्या घरी मायलेकी दोघी न शिवलेल्या लुगड्यात होत्या. पीठ पावसात कोरडे कसे ठेवत, तेही विचारले. आत्या नुसत्या हसल्या. तो प्रश्न विचारायला आम्हाला वीस वर्षे उशीर झाला.

म्हणून मंडळाला एक विनंती. पुढच्या वर्षी दहापैकी एक दिवस केटररला सुट्टी द्या. त्या दिवशी मोदक इथे मागच्या पडवीत वळले जावेत, आणि ज्यांना वळता येतात त्यांनी ज्यांना येत नाहीत त्यांच्या शेजारी बसावे. पाने मांडून पंगत बसवावी, वाढायला पोरे असावीत, आणि मीठ कुठे, लिंबू कुठे हे ज्येष्ठांनी त्यांना रागावून सांगावे. पहिल्या वर्षी मोदक फुटतील. आमटी सांडेल. सतरंज्या आम्ही घालतोच, त्या दिवशीच्या झाडूची जबाबदारीही आमच्याकडे राहू द्या.

आणि आज घरी गेल्यावर, घरात जे सर्वांत वडील असतील त्यांना एक गोष्ट विचारा. सन-सनावळी नको. चूल कशी मांडत, एवढेच विचारा.

 मंगलमूर्ती मोरया!