उजेड पिवळाच ठेवा, बल्ब बदला

मी जानेफळहून बोलते आहे.

बचत गटाच्या बैठकीत विजेच्या बिलाचा विषय निघाला की बायका म्हणतात, "ताई, एलईडीचा पांढरा उजेड देवघरात बरा नाही वाटत. तिथं पिवळा बल्बच शोभतो." खरं आहे. २०१५ साली उजाला योजनेतून एलईडी घरोघर आले, ते पांढऱ्या उजेडाचे. पण पिवळा उजेड हवा म्हणून जुनाच बल्ब लावायला पाहिजे, असं आता राहिलं नाही.

घेताना खोक्यावर 'वॉर्म व्हाइट' किंवा २७०० केल्विन लिहिलेलं पाहा. ६५०० असेल तर तो पांढरा. फिलामेंट एलईडी तर दिसायलाही जुन्या बल्बसारखाच: पारदर्शक काच, आत पिवळ्या काड्या. चार वॅटचा बल्ब साधारण जुन्या चाळीसच्या बल्बइतका उजेड देतो.

देवघरातला तांबडा 'झिरो'चा जुना बल्बही बघा. नाव झिरो, पण तो साधारण १५ वॅट खातो. रात्रंदिवस चालू राहिला तर महिन्याला जवळपास ११ युनिट! तसाच तांबडा, अर्ध्या वॅटचा एलईडी महिनाभरात अर्धा युनिटही घेत नाही.

घरात साठचे तीन बल्ब रोज पाच तास लागले, तर महिन्याला २७ युनिट होतात. नऊ वॅटचे तीन एलईडी लावले तर चारच. शंभरच्या पुढच्या युनिटांना दर जास्त पडतो, म्हणून हे २३ युनिट महत्त्वाचे.

पुढच्या बैठकीला येताना बिल आणा, घरातल्या बल्बांचे वॅट लिहून आणा. हिशेब मिळून करू.