न दिसणे म्हणजे नसणे नव्हे



मुळशीच्या जलाशयाच्या काठावर उभा राहिलेला माणूस काय पाहतो? पावसाळ्यानंतर तुडुंब भरलेले पाणी, पलीकडे सह्याद्रीच्या रांगा आणि ताम्हिणी घाटाकडे जाणारा रस्ता. दृश्य रमणीय खरे, पण अपुरे. याच पाण्याखाली एके काळी नांदती गावे होती, भाताची खाचरे होती, ग्रामदेवतांची ठाणी होती. हेच पाणी डोंगरातील बोगद्यातून कोकणच्या अंगाला भिऱ्याला उतरते आणि तेथे त्याची वीज होते. काठावरच्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. तरीही हे सारे सत्य आहे.

"दाखवा, म्हणजे मानू," असे म्हणणारा माणूस आधुनिक समजला जातो. वस्तुतः हा आग्रह भारताला नवा नाही. प्रत्यक्ष हेच एकमेव प्रमाण, असे चार्वाकमताने फार पूर्वी सांगितले होते. त्याला आपल्या दार्शनिकांनी रागाने उत्तर दिले नाही, युक्तिवादाने दिले. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील सातवी कारिका या दृष्टीने मुळातून अभ्यासावी अशी आहे. असलेली वस्तूही का जाणवत नाही, याची आठ कारणे तिने एका श्लोकात मांडली आहेत.

वस्तू फार दूर असली की दिसत नाही, आकाशात उंच गेलेल्या पक्ष्यासारखी. फार जवळ असली तरी दिसत नाही, स्वतःच्या डोळ्यातील काजळासारखी. इंद्रिय विकल असेल, मन थाऱ्यावर नसेल, वस्तू अतिसूक्ष्म असेल किंवा मध्ये आडोसा असेल, तरीही ती जाणवत नाही. सातवे कारण अभिभवाचे. दिवसा तारे आकाशातच असतात, पण सूर्याचे तेज त्यांना झाकून टाकते. आठवे कारण सारख्यात सारखे मिसळण्याचे. भाष्यकारांनी त्यासाठी तळ्यात पडलेल्या पावसाच्या पाण्याचे उदाहरण दिले आहे. आषाढात मुळशीच्या जलाशयावर कोसळणारी सर पाहिली, की त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सर पडते, क्षणभर वर्तुळे उठतात आणि ते थेंब पुन्हा ओळखता येत नाहीत.

आजचे विज्ञान या विवेचनाला पुष्टीच देते. मानवी डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरीच दिसतात. निरोगी कानाला सेकंदाला २० ते २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. वटवाघूळ ज्या ध्वनीच्या आधारे अंधारात वाट काढते, तो आपल्या कानावर आदळूनही आपल्यासाठी शांतताच असते. डोळ्याच्या पडद्यावर जेथून चेतातंतू मेंदूकडे निघतात, तेथे तर काहीच दिसत नाही. ती उणीव मेंदू आजूबाजूच्या माहितीवरून भरून काढतो आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या डोळ्याला कधीही न दिसणाऱ्या लहरी टिपतात. आकाश तेच, पण साधन बदलले की त्यात वेगळेच विश्व प्रकटते.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. न दिसणारे असू शकते, याचा अर्थ कोणीही काहीही सांगावे आणि ते मानावे, असा होत नाही. सांख्यांनीही तसे केले नाही. अव्यक्त प्रकृती सूक्ष्मतेमुळे दिसत नाही, पण तिच्या कार्यावरून तिचे अनुमान करता येते, असे पुढच्याच कारिकेत सांगितले आहे. म्हणजे अदृश्यालाही पुराव्याची कसोटी आहे. ही कसोटी सोडली की श्रद्धेच्या नावाखाली भोंदूगिरीचा बाजार भरतो.

इंद्रियांच्या मर्यादेपेक्षा मनाची मर्यादा अधिक घातक असते, हे मुळशीच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी येथील जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा मुंबई सरकारला नकाशा दिसत होता, मुंबईच्या गिरण्यांना लागणारी वीज दिसत होती. मावळ्याचे पिढीजात शेत आणि त्याच्याशी जडलेला त्याचा जीव दिसत नव्हता. दृष्टी शाबूत होती, पण हिताच्या झगमगाटाने माणूस झाकला गेला होता. यालाच अभिभव म्हणतात. १९२१ च्या रामनवमीला येथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्यासाठी कारावास सोसला आणि याच लढ्याने त्यांना 'सेनापती' केले. धरण थांबले नाही. परंतु सरकारला जे दिसत नव्हते, ते त्यांनी साऱ्या देशाला दाखवले. याच सेनापतींनी पुढे योगी अरविंदांच्या 'दिव्य जीवन' या ग्रंथाचा मराठी अनुवाद केला, हा केवळ योगायोग नव्हे. दुसऱ्याचे अदृश्य दुःख ज्याला दिसते, त्याचीच दृष्टी पुढे अदृश्य तत्त्वाकडे वळू शकते.

अध्यात्माचे अखेरचे पाऊल येथेच पडते. खोडदची दुर्बीण दूरचे दाखवील, सूक्ष्मदर्शक बारीक दाखवील. पण पाहणाऱ्याला दाखवणारे यंत्र कोणते? केनोपनिषद विचारते ते हेच. ज्याच्या बळावर डोळा पाहतो, त्याला डोळा कसा पाहणार? तो काजळाहूनही जवळ आहे, म्हणून दिसत नाही. तेथे यंत्राचा उपयोग नाही, चित्तशुद्धीचा आहे. संतांनी नामस्मरण, सत्संग आणि सेवा यांवर भर दिला तो यासाठी. ती पाहण्याचे साधन स्वच्छ करण्याची रीत आहे.

म्हणून आठ कारणांची ही यादी प्रत्येकाने स्वतःला लावून पाहावी. घरातील वृद्धाचे एकाकीपण अति जवळ असल्याने दिसत नाही काय? वस्तीतील अभाव आडोशामुळे दिसत नाही काय? शेजाऱ्याचे गुण आपल्या अहंकाराच्या तेजात झाकले गेले आहेत काय? हे पडदे रोजच्या जीवनात एकेक करून दूर होऊ लागले, की ईश्वर दिसतो की नाही हा प्रश्न विचारण्याचा अधिकार माणसाला प्राप्त होतो. तोवर "नाही" असा निर्णय देण्याची घाई त्याने करू नये.