ताडपत्रीची बुरशी काढा, मगच घडी घाला



खळ्यावर सोयाबीन पडलेलं आणि परतीचा पाऊस दारात. अशा वेळी ताडपत्री उलगडावी, तर तिच्यावर काळे ठिपके आणि कुबट वास. ओढली की टर्रकन फाटते! कॅनव्हास म्हणजे शेवटी सूतच. ओली घडी घातली की बुरशी धरते आणि सूत खाते. तेव्हा वेळीच साफ करा.

आधी ताडपत्री उन्हात कडक वाळवा. नाका-तोंडाला फडकं बांधा आणि घरापासून लांब नेऊन सुक्या ब्रशाने झाडा. मग कोमट पाणी, साधा साबण आणि नरम ब्रश घेऊन धुवा. दगडावर आपटू नका. डाग उरले तर १ भाग पांढरं व्हिनेगर आणि ४ भाग पाणी लावा, २० मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचिंग पावडर वापरू नका, सूत कमजोर होतं. व्हिनेगरमध्ये तर ती कधीच मिसळू नका. विषारी वायू निघतो.

दोन्ही बाजूंनी वाळवा. शिवणी आणि कडा हाताने चाचपा, ओल तिथंच लपते. वाळल्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहा. पाणी घरंगळलं तर ठीक. मुरलं तर पाणी न शिरण्याचा लेप पुन्हा द्यावा लागेल. फिकट डाग राहिला तरी चालेल, ओल राहता कामा नये.

घडी जमिनीवर नको, हवेशीर जागी फळीवर ठेवा. ताडपत्री कोरडी, तर धान्य कोरडं!