लस मुलीला, पण आईला कोण तपासणार?

(तालुक्यातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता 'विज्ञानाच्या बातम्या आणि बायका'. एवढा मोठा विषय अर्ध्या तासात आवरणार नाही, म्हणून मी त्याचं एकच टोक धरणार आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. आपल्या बोलीत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर.

१ फेब्रुवारी २०२४ ला केंद्राचा अंतरिम अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री म्हणाल्या, की ९ ते १४ वर्षांच्या मुलींना या रोगाविरुद्धची लस देण्याला सरकार प्रोत्साहन देईल. दुसऱ्याच दिवशी एका नटीच्या खात्यावरून बातमी आली, ती याच कॅन्सरने वारली. तिसऱ्या दिवशी ती स्वतः पडद्यावर आली आणि म्हणाली, मी जिवंत आहे, जागृतीसाठी केलं. मग काय, तिने केलं ते बरोबर की चूक यावर वाहिन्यांवर भांडणं झाली. रोग राहिला बाजूला. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार जणी त्यात गेल्या, असा जागतिक अंदाज आहे. दिवसाला दोनशेच्या वर. त्यातल्या एकीचंही नाव कुठल्या वाहिनीवर आलं नाही.

आधी रोग कसा होतो ते बघू, कारण इथेच बायकांची तोंडं मिटतात. एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. शरीरसंबंधातून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. आयुष्यात कधीतरी तो बहुतेकांना गाठतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. थोड्या बायकांमध्ये मात्र तो मुक्काम करतो, आणि पिशवीच्या तोंडाशी हळूहळू बदल घडवतो. त्या बदलाचा कॅन्सर व्हायला दहा, पंधरा, वीस वर्षं लागतात. हे सिद्ध करणाऱ्या हॅराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ साली नोबेल मिळालं. त्यांच्या प्रयोगशाळेला यातला १८ क्रमांकाचा विषाणू हेन्रिएटा लॅक्स या काळ्या अमेरिकन बाईच्या पेशींमध्येही सापडला होता. ही बाई १९५१ साली याच कॅन्सरने एकतिसाव्या वर्षी गेली. तिच्या पेशी डॉक्टरांनी तिला न विचारता काढून घेतल्या आणि आजही त्या जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. विज्ञान कोणाच्या अंगावरून पुढे गेलं हे बातमीत सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

'शरीरसंबंधातून' म्हटलं की लगेच बाईच्या चारित्र्यावर बोट. माझ्याकडे एक काकू आल्या होत्या, साठीच्या. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितल्यापासून त्यांची सून त्यांच्याशी बोलेना. जन्मभर एका नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही हा रोग होतो, कारण विषाणू नवऱ्याबरोबरही घरात येतो. पुरुषाला त्याचा पत्ताही नसतो. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून शाळेतल्या मुलग्यांनाही ही लस द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे पैसे आणि लस मोजकी असताना आधी मुलींना देणं मला पटतं. पण जाहिरातीत फक्त मुलगी दिसते, आणि रोग जणू तिच्यातच जन्मतो असं घराघरात समजलं जातं, त्याला माझा विरोध आहे.

आता लसीबद्दल. आपल्यात दोन तट आहेत हे मला माहीत आहे. मी लसीच्या बाजूची आहे. या कॅन्सरचे जवळजवळ सत्तर टक्के रोगी १६ आणि १८ क्रमांकाच्या विषाणूमुळे होतात, आणि लस त्या दोघांना अडवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या सर्व्हाव्हॅक लसीला २०२२ च्या जुलैमध्ये परवानगी मिळाली. लसीने मूल होत नाही वगैरे जे मोबाइलवर फिरतं ते खोटं आहे. आपल्या गटांतून ते पुढे पाठवू नका.

पण लसीबद्दल ज्यांना शंका वाटते त्यांना अडाणी म्हणून उडवून लावायला मी तयार नाही. त्या शंकेला इतिहास आहे. २००९ साली खम्मम (तेव्हा आंध्रात, आता तेलंगणात) आणि गुजरातेत वडोदरा या दोन जिल्ह्यांत 'पाथ' ही अमेरिकन संस्था, आपली वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारं यांनी मिळून चोवीस हजारांच्या आसपास मुलींना ही लस टोचली. खम्मममधल्या कितीतरी मुली आदिवासी वसतिगृहातल्या. दिल्लीच्या 'समा' गटाच्या मैत्रिणी २०१० साली तिथे जाऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, आईबापांना सांगितलं होतं का? पुढे संसदेच्या समितीने कागद काढले. आंध्रातल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर सह्या वसतिगृहाच्या वॉर्डनच्या होत्या आणि १,९४८ वर नुसते अंगठे होते. या काळात सात मुली दगावल्या. चौकशीत निघालं की मृत्यूंचा लसीशी संबंध असण्याची शक्यता फार कमी. एक मुलगी पाण्यात बुडाली होती, एकीला साप चावला होता. मला ते पटतं. पण ज्यांच्या मुलीला न विचारता सुई टोचली त्यांनी ते का मानावं? संमती म्हणजे कागद भरून घेणं नाही हे डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना आपण गर्भनिरोधक इंजेक्शनांच्या काळापासून सांगत आलो आहोत. वॉर्डनच्या एका सहीने लसीवरचा विश्वास किती मागे गेला याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

याच गोष्टीला एक अजब शेपूट आहे. खम्मम प्रकरणानंतर, एप्रिल २०१० मध्ये, सरकारने या लसीचे देशातले सगळेच अभ्यास थांबवले. त्यातच बार्शी, पुणे धरून नऊ ठिकाणी चाललेला एक वेगळा अभ्यास होता. दोन डोस पुरतात की तीन लागतात हे तो बघत होता. तो मध्येच थांबल्याने सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. शास्त्रज्ञांनी त्यांची दहा वर्षं विचारपूस ठेवली आणि दिसलं की एका डोसनेही १६ आणि १८ क्रमांकाच्या विषाणूचा मुक्काम जवळजवळ तितकाच अडतो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तरुण मुलींना एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागच्या पुराव्यात आपल्या या मुली आहेत. लस निम्म्या खर्चात आली ती त्यांच्यामुळे, आणि तेही अपघाताने.

हे झालं मुलींचं. आता मला खरं बोलायचं आहे ते इथे बसलेल्या आपल्याबद्दल. तिशी, चाळिशी, पन्नाशीच्या बायकांबद्दल. लस विषाणू अंगात येण्याआधी द्यायची असते. आज दहा वर्षांच्या मुलीला दिली तर तिचा गुण दिसायला वीस-पंचवीस वर्षं जातील. तोवर ज्या मरायच्या त्या मुलीला लस द्यायला हाताला धरून घेऊन येणाऱ्या आया, मावश्या आणि आज्या आहेत. त्यांच्यासाठी औषध म्हणजे वेळेवर तपासणी. बदल कॅन्सर होण्याआधी सापडला तर बाहेरूनच, भूल न देता, तेवढा भाग गोठवून किंवा शेकून काढता येतो. बाई त्याच दिवशी चालत घरी जाते.

ही तपासणी चंद्रावर जाण्याइतकी अवघड नाही. पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावायचं आणि एक मिनिट थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा पडतो आणि डोळ्यांनी दिसतो. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांवर हा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या बायका होत्या. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या आणि या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने एक लाख तीस हजारांवर बायकांचा दुसरा अभ्यास झाला. तिथे एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीचा मृत्यूंवर ठळक फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा केली तरी मृत्यू जवळजवळ निम्मे झाले.

या आकड्यांत एक आकडा माझ्या घशात अडकतो. उस्मानाबादेत तुलनेसाठी एक गट ठेवला होता. त्या बायकांना माहिती दिली, तपासणी केली नाही. त्या गटातल्या ६४ जणी या कॅन्सरने गेल्या. विषाणू तपासलेल्या गटात ३४. मुंबईच्या अभ्यासातही असा गट होता आणि त्यावर जगभर वाद झाला. शास्त्रज्ञ म्हणतात, त्या काळी खेड्यात तपासणी नव्हतीच, आम्ही काही हिरावून घेतलं नाही. मला हे उत्तर पुरत नाही. आणि समजा पुरलं असं धरलं, तरी २००९ साली निष्कर्ष छापून आल्यानंतर काय? आपल्याच मराठवाड्यातल्या बायकांच्या जिवावर जगाला कळलं की एका तपासणीने मृत्यू निम्मे होतात. त्यानंतर ती तपासणी मराठवाड्यातल्या प्रत्येक बाईच्या दारात यायला नको होती का?

सरकारने २०१६ साली कागदावर लिहिलं, की ३० ते ६५ वर्षांच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी करायची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झाली का? हो म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

का होत नाही? तुम्हाला माहीत आहे, तुम्ही रोज बघता. टेबल असतं पण त्यावर फायलींचे गठ्ठे. दाराला कडी नाही, खिडकीला पडदा नाही, बाहेर पुरुषांची रांग. नर्सबाई एकटी, बाळंतपण, लसीकरण, रजिस्टरं आणि आता मोबाइलवरची नोंदही तिनेच करायची. पांढरा डाग सापडलाच तर पुढे पाठवायचं कुठे? जिल्ह्याला. जायचं भाडं कोण देणार, एका दिवसाची मजुरी कोण भरून देणार? लसीचं तसं नसतं. मुलगी दंड पुढे करते, मंत्री शेजारी उभे राहतात, फोटो निघतो. टेबलावर आडवी झालेल्या पन्नाशीच्या बाईबरोबर कोणत्या मंत्र्याला फोटो हवा असतो?

आणि सरकारने जागा मोकळी सोडली की तिथे कोण शिरतं तेही बघा. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, मुकादमाची उचल फेडायची आहे, ही कारणं आहेतच. पण त्यातल्या कितीतरी जणींनी सांगितलं, अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर म्हणाले पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल. ज्या कॅन्सरची एक मिनिटाची तपासणी सरकारी केंद्रात होऊ शकते, त्याच्याच नावाने हजारो रुपये कर्ज काढायला लावून पंचविशी-तिशीच्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. हे मला लसीच्या सगळ्या बातम्यांपेक्षा मोठं वाटतं.

आता विज्ञानाने आपल्या बाजूने एक गोष्ट केली आहे. विषाणूच्या तपासणीसाठी बाईला स्वतःच, न्हाणीघराचं दार लावून, कापसाच्या काडीने नमुना घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याला मान्यता दिली. ना टेबल, ना परकी नजर. आपल्यातल्या जुन्या मैत्रिणींना आठवत असेल, आपण शिबिरात आरसा आणि टॉर्च घेऊन स्वतःच्या पिशवीचं तोंड बघायला शिकलो होतो आणि लोक हसले होते. क्षयरोगासाठी आणि कोविडसाठी जी जनुकीय तपासणीची छोटी यंत्रं खाली तालुक्यापर्यंत पोचली, तशाच यंत्रांवर एचपीव्हीची तपासणीही होते. लागतात त्या वेगळ्या काड्या आणि किट. मागणी करायची तर ही करू.

पुढच्या महिन्यात आपण तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाणार आहोत. प्रत्येकीने आपापल्या केंद्रात आधी जाऊन यायचं आणि वहीत लिहून आणायचं: टेबल मोकळं आहे का, पडदा आहे का, व्हिनेगरची बाटली कोणत्या तारखेची आहे, गेल्या वर्षात तिशीवरच्या किती बायकांची तपासणी झाली, डाग सापडलेल्या किती जणींवर उपचार झाले. शेवटचा आकडा बहुधा सांगणार नाहीत. रजिस्टर दाखवायला नाही म्हणाले तर वाद घालत बसू नका. माहिती अधिकाराचे छापील अर्ज मी आणले आहेत, जाताना घेऊन जा. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या बाईच्या नावाने अर्ज केला आणि दाखला जोडला तर तेही लागत नाहीत.