कळस आणि छप्पर
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



अंबरनाथचे शिवालय शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० पासून वालधुनीकाठी उभे आहे. शेजारच्या उल्हासनगरात मात्र मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले व माणसे दगावली. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. सुदैवाने सुमारे १,०५० प्रवासी सुखरूप निघाले.

अशा भागात आमदाराचा आठवडा केवळ उद्घाटनांत व सत्कारांत जाऊन भागत नाही. एक दिवस गाऱ्हाणी ऐकावीत, एक दिवस नाले, पूल व मोडकळीस आलेल्या इमारती पाहाव्यात, आणि एक दिवस महानगरपालिकेत व नगरपरिषदांत त्याचा पाठपुरावा करावा. तेथे दाद न लागल्यास विधानसभेत तारांकित प्रश्न व लक्षवेधी सूचना ही साधने आहेतच.

परंतु तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते. जीर्णोद्धारासाठी गावाने पै-पैचा हिशेब वहीत ठेवला. तशीच एक वही अर्जांची ठेवावी : तारीख, आलेले उत्तर, झालेले काम. ती घेऊन दर आठवड्याला आमदारांपुढे जावे.

देवाच्या माथ्यावर कळस चढला. भक्तांच्या डोक्यावरचे छप्परही शाबूत राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.