अडलेला शब्द

दिवेलागणीनंतर मूल पुस्तक घेऊन आपल्याजवळ बसतें, मोठ्यानें वाचूं लागतें आणि एखाद्या शब्दाशीं थबकतें. अशा वेळीं कोणी तो शब्द चटकन् सांगून मोकळे होतात. कोणी 'एवढेंहि येत नाहीं?' म्हणून कपाळाला आठ्या घालतात. पहिल्या रीतीनें मूल परावलंबी होतें, दुसरीनें भितें. भ्यालेलें मूल अडलेला शब्द विचारीत नाहीं. तो पुटपुटून गिळतें आणि त्याबरोबर वाक्याचा अर्थहि गमावतें. म्हणून हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

मग करावें काय? प्रथम थोडें थांबावें. मनांत पांच अंक मोजावे. पुष्कळदां तेवढ्यांत मूल आपली वाट आपणच काढतें. न निघाल्यास शब्दाचे तुकडे करून द्यावे. 'बेजबाबदारपणा' हा शब्द लहानग्याला डोंगराएवढा वाटतो. त्याचीं दोन्ही टोकें बोटांनीं झांकावीं. मधला 'जबाबदार' ओळखीचा निघतो. मग 'बे' आणि 'पणा' एकेक करून जोडावे. 'सूर्योदय' असा बोटानें तुटत नाहीं. तेथें 'सूर्य' आणि 'उदय' हे शब्द तोंडानें सुटे म्हणून दाखवावे.

जोडाक्षरांपाशीं विशेष धीर हवा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरांतल्या. 'र'ची खूण बदलली कीं अर्थ पालटतो, हें मुलाला गमतीनें दाखवावें. उलट कित्येकदां अक्षरें तींच, पण उच्चार दोन. 'जग मोठें आहे' आणि 'शंभर वर्षें जग' यांतील 'ज' निराळा. येथें वाक्य पुरें वाचल्याशिवाय निर्णय होत नाहीं. मात्र चित्राकडे पाहून अंदाजानें शब्द ठोकून देण्याची संवय लागूं देऊं नये. अक्षरें आधीं वाचावीं, मग अर्थ जुळतो कीं नाहीं तें पाहावें.

शब्द वाचतां आला म्हणजे तो कळलाच असें नाहीं. 'निर्व्याज' म्हणजे 'निष्कपट' असें सांगणें म्हणजे एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपांत ठेवणें होय. त्यापेक्षां तान्ह्या बाळाचें हसूं दाखवावें. आणि आपणांसच अर्थ ठाऊक नसेल तर मुलादेखत कोश उघडावा. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळांत निघाले. इतका मोठा कोश वडील माणसांकरितांच रचलेला आहे. मोठ्यांनाहि शब्द अडतात, हें मुलाला त्यावरून आपोआप उमगतें.

शेवटीं एक सूचना. एका पानांत पांचांहून अधिक शब्द अडूं लागले, तर दोष मुलाचा नव्हे. पुस्तक अंमळ लौकर हातीं आलें इतकेंच. तें आपण वाचून दाखवावें आणि मुलाच्या हातीं सोपें पुस्तक द्यावें. दहा मिनिटांचें वाचन हंसतमुखानें संपलें, तर उद्यां मूल आपण होऊन पुस्तक घेऊन येईल.