व्हिसा ऑक्टोबरात बदलतो, टॅक्स जानेवारीत

सुट्टीवर घरी आलोय, त्यामुळं आजचा भाग थेट कोल्हापुरातून. मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे अमेरिकेतला टॅक्स. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा संपून एच-१बी म्हणजे नोकरीचा व्हिसा लागला, की रिटर्न कसं भरायचं? माझ्या बीटेकच्या बॅचमधले बरेच जण तिकडं आहेत आणि दर मार्चला ग्रुपवर हाच प्रश्न येतो. मी सीए नाही, पण या सगळ्यातून स्वतः गेलोय. तुमच्या केसचा शेवटचा शब्द मात्र जाणकाराचाच.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. व्हिसाचा शिक्का आणि टॅक्सचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टॅक्सचं खातं, म्हणजे आयआरएस, दिवस मोजतं. यंदाचे सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश, अधिक त्याच्या आधीच्या वर्षाचा एक षष्ठांश. बेरीज १८३ किंवा जास्त झाली आणि यंदाचे किमान ३१ दिवस असले, की तुम्ही टॅक्सपुरते 'रेसिडेंट'.

मग विद्यार्थी तर वर्षभर तिथंच असतो, तो रेसिडेंट का नाही? कारण एफ-१ वरची पहिली ५ कॅलेंडर वर्षं मोजणीतून वगळतात. त्यासाठी दरवर्षी फॉर्म ८८४३ भरायचा, कमाई शून्य असली तरी. वर्ष अर्धं असलं तरी अख्खं धरतात. डिसेंबरात उतरलात तरी एक वर्ष गेलं.

आता उदाहरण घेऊ. समजा तुम्ही ऑगस्ट २०२२ मध्ये गेलात, मास्टर्स केलं, ओपीटीवर नोकरी केली आणि १ ऑक्टोबर २०२५ ला एच-१बी सुरू झाला. मोजणी त्या दिवसापासून चालू. ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१, एकूण ९२. १८३ कुठं, ९२ कुठं! म्हणजे २०२५ सालासाठी तुम्ही नॉनरेसिडेंटच. फॉर्म १०४०-एनआर. २०२६ मध्ये तिथंच राहिलात तर १ जानेवारीपासून रेसिडेंट, आणि एप्रिल २०२७ मध्ये साधा १०४०.

इथंच लोक घसरतात. ऑफिसातला मित्र म्हणतो, "अरे, अमुक ॲपवर वीस मिनिटांत होतंय." पण बरीच लोकप्रिय सॉफ्टवेअर १०४०-एनआर भरूनच देत नाहीत. ती तुम्हाला गुपचूप रेसिडेंट धरून चालतात. चुकीचा फॉर्म गेला असेल तर १०४०-एक्स भरून दुरुस्त करता येतो. तो करून टाका, लटकत ठेवू नका.

उलटी केसही आहे. कुणी २०२० ला गेलं असेल, तर त्याची ५ वर्षं २०२४ ला संपली. २०२५ मध्ये तो एफ-१ वर असला तरी मोजणी सुरू होते. व्हिसा तोच, टॅक्सचा दर्जा वेगळा.

आता पगाराची स्लिप बघा. नॉनरेसिडेंट विद्यार्थ्याला सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के लागत नाहीत. एच-१बी सुरू झाला की त्या दिवसापासून लागतात. म्हणून ऑक्टोबरात हातात कमी पगार आला तर घाबरू नका. पण त्याच्या आधीच्या महिन्यांत कापले असतील तर आधी कंपनीकडं मागा. कंपनीनं दिले नाहीत तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ लावून आयआरएसकडं. पैसे तुमचेच आहेत.

आणि भारत-अमेरिका कराराचं कलम २१. त्यामुळं भारतीय विद्यार्थ्याला नॉनरेसिडेंट असूनही स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे बाकी बहुतेक देशांच्या पोरांना मिळत नाही. २०२४ साठी ती रक्कम एकट्या माणसाला १४,६०० डॉलर होती. व्हिसा बदलला त्या वर्षी ते किती लागू होतं, हे मात्र जाणकाराला विचारूनच घ्या.

आता विषय हार्ड होतोय, कारण तो घरापर्यंत येतोय. रेसिडेंट झालात की अमेरिका तुमची जगभरची कमाई विचारते. आपल्याकडं पोरगं परदेशी गेलं की आईवडील हौसेनं एफडीवर त्याचं नाव घालतात. सातबाऱ्यावर नाव असतं, उसाचं बिल कधी त्याच्या खात्यावर येतं. शेतीचं उत्पन्न भारतात करमुक्त आहे. पण ते खरोखर तुमचं असेल तर अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. एनआरई खात्याच्या व्याजाचंही तसंच: इथं माफ, तिथं करपात्र.

शिवाय एफबार. परदेशातल्या तुमच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर कळवायचं. जॉइंट खात्याची पूर्ण रक्कम धरतात, अर्धी नाही. यात टॅक्स काही नाही, फक्त माहिती द्यायची. मुदत १५ एप्रिल, ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. न भरल्याचा दंड मात्र चेष्टा नाही, नकळत राहून गेलं तरी एका वर्षाच्या रिपोर्टमागं १०,००० डॉलरच्या वर जाऊ शकतो.

मी काय केलं? रेसिडेंट व्हायच्या आधीच्या डिसेंबरात पप्पांना व्हिडिओ कॉल लावला आणि वहीत यादी केली: कुठल्या बँकेत, कुठल्या पतसंस्थेत माझं नाव आहे, पैसे कुणाचे, व्याज किती. साधं बचत खातं एनआरओ करून घेतलं. एनआरओच्या व्याजावर इथं ३० टक्के टीडीएस कापला जातो, त्याचं क्रेडिट अमेरिकेत फॉर्म १११६ वर मागता येतं, म्हणून सर्टिफिकेटं जपली. पप्पांना आधी वाटलं, पोरगं आपल्यावर संशय घेतंय. त्यांना म्हटलं, पैसा तुमचाच आहे, पण नाव माझं आहे आणि तिकडं नावाला विचारतात. मग त्यांनीच दोन जुन्या पावत्या कपाटातून शोधून काढल्या.

तर या आठवड्यात तीन कामं. आपले दिवस मोजा. फॉर्म कुठला ते ठरवा. आणि घरी फोन लावून यादी करा. ग्रीन कार्डच्या वेळी जुनी रिटर्नं पुन्हा बाहेर निघू शकतात, त्यामुळं सगळ्यांच्या पीडीएफ जपून ठेवा.

प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात लग्न झालेल्यांचं रिटर्न घेऊ. हा भाग तुमच्या त्या एका मित्राला नक्की पाठवा. कुठला ते तुम्हाला माहितीय. भेटूया!